सोंगाड्याचे घर कोठे आहे?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जेम्सटाऊन म्हणून एक गाव आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती तीस हजारांच्या आतच भरली. म्हणजे गाव साधारण आमच्या धरणगावाच्याच मापाचे. एके काळी तेथे लाकडी सामानाचे मोठमोठे कारखाने चालत. ते बसले, तशी गावाची रया गेली. मग आपल्याजवळ उरले काय, याचा गावकऱ्यांनी हिशेब मांडला. उरली होती एक आठवण. लोकांस पोट धरधरून हसविणारी ल्यूसिल बॉल ही नटी १९११ साली त्या गावात जन्मली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी दरसाल ऑगस्टात हसण्याची जत्रा सुरू केली, आणि १ ऑगस्ट २०१८ रोजी विनोदाचे संग्रहालय उघडले. पुढच्याच वर्षी तेथील कायदेमंडळाने त्यास साऱ्या देशाचे विनोद-संग्रहालय म्हणून मान्यता दिली. जॉर्ज कार्लिन या विनोदकाराने चिठोऱ्यांवर लिहिलेल्या टिपासुद्धा तेथे जपून ठेवल्या आहेत.

ही हकीकत आम्ही धरणगावी पारावर बसलेल्या मंडळीस सांगितली, तेव्हा एकच हशा पिकला. एक गृहस्थ म्हणाले, "हसण्याचं संग्रहालय कशाला पाहिजे? आपल्याकडे निवडणुका आहेत की!" हशा ओसरल्यावर कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध हळूच बोलले. त्यांची उमर तमाशाच्या फडात गेलेली. ते म्हणाले, "भाऊ, त्या बाईचं घर झालं, चांगलं झालं. आता आपल्या सोंगाड्याचं घर कुठं आहे, ते सांगा." यावर कोणासही उत्तर देता आले नाही. आम्हांसही आले नाही. घरी येऊन तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा लेख.

वाचकहो, खान्देशाला हसण्याची वाण कधीच नव्हती. गण, गौळण, बतावणी, वग अशी तमाशाची वाट. आणि त्या वाटेवर लोक ज्याची वाट पाहत बसत, तो सोंगाड्या. गौळणीत तो पेंद्या होऊन देवाची फिरकी घेई, मावशी होऊन गौळणींस दटावी, आणि वगात प्रधान किंवा शिपाई होऊन राजास कोंडीत पकडी. राजा लोखंडी खुर्चीवर बसलेला. त्याने 'प्रजा सुखी आहे ना?' असे विचारावे, आणि सोंगाड्याने 'सुखी आहे महाराज, पण जिवंत आहे की नाही ते बघून येतो' असे काही उत्तर द्यावे. ज्याची दिवसभर कोणापुढे मान वर होत नसे, असा सालदार त्या रात्री कंदिलाच्या उजेडात राजाला हसून घेई. ज्यास कोर्टाची पायरी परवडत नव्हती, त्याचे कोर्ट ते हेच. तेथे वकील नव्हता, तारखा पडत नव्हत्या, आणि निकाल जागच्या जागी लागे.

सोंगाड्या एकटा नव्हता. फौजदाराचे सोंग घेऊन दारात उभा राहणारा आणि घरधन्याची भंबेरी उडाल्यावर पसाभर दाणे मागणारा रायरंद होता. आखाजीला माहेरी येऊन झोक्यावर सासरच्या माणसांची खिल्ली उडविणाऱ्या लेकी होत्या. हसणारी बाई आणि रडणारा पुरुष यांचा विश्वास धरू नये, अशी म्हण आमच्याकडे आहे. ज्या कोणी ती रचली, त्यास बायकांच्या हसण्याचे भय वाटत असले पाहिजे. वर्षभर तोंड बांधलेल्या बाईने आखाजीच्या दोन दिवसांत मनाची वाफ काढावी, आणि ऐकणाऱ्याने ती हसण्यावारी न्यावी, असा तो गावाचा अलिखित करार होता.

पण 'अलिखित' या एकाच शब्दात आमचे सारे दुखणे आहे. बतावणी कोणी लिहून ठेवली नाही. ती लिहिण्याची वस्तूच नव्हे. त्या गावच्या, त्या रात्रीच्या माणसांकडे पाहून सोंगाड्या ती जागच्या जागी रचतो. तो गेला की त्याच्याबरोबर ती गेली. धरणगाव हे बालकवींचे गाव. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १३ ऑगस्ट १८९० रोजी येथे जन्मले, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे आयुष्य, तरी आनंद गाणारा कवी म्हणून ते साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. त्यांची कविता कागदावर उतरली म्हणून राहिली. त्याच काळी याच मुलुखात माणसांस हसविणाऱ्या किती सोंगाड्यांची नावे आज कोणास सांगता येतील? एकाचेही नाही.

दुसरे उदाहरण तर शेजारचेच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या ओव्या रचीत, आणि त्यांत चिमटे, कोपरखळ्या, थट्टा भरपूर असे. घरात सोपानदेवांसारखा मुलगा होता. घरच्यांनी ती गाणी उतरून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांस दाखविली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. तेव्हा कोठे महाराष्ट्राचे डोळे उघडले. आम्ही विचारतो, सोपानदेव प्रत्येक घरात कोठून आणावा? ज्या घरात तो नव्हता, तेथील बहिणाबाई कोठे गेल्या? जात्याबरोबर गेल्या.

कोणी म्हणेल, हसण्याच्या गोष्टीस एवढे महत्त्व कशास? विनोद हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे आम्हांस शाळेपासून शिकविण्यात आले आहे. ज्यांचे चालले आहे, त्यांनी असे शिकविणे त्यांच्या सोयीचेच आहे. पण जोतीराव फुल्यांस तसे वाटले नाही. त्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशीबुवा एका गरीब कुणब्यास आणि त्याच्या गरोदर बायकोस ग्रहांचे भय घालून कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. त्यात जोतीरावांनी एक विदूषक घातला. प्रेक्षकांच्या मनातले बोलणारा, जोशीबुवाच्या गोड बोलण्यातला खोटेपणा तेथल्या तेथे उघडा पाडणारा असा तो आहे. अखेर ते नवराबायको लुबाडणूक ओळखून रात्रीच्या शाळेची वाट धरतात. म्हणजे हसण्याची वाट शाळेपर्यंत नेली, ती जोतीरावांनी. त्या नाटकाचे पुढे काय झाले? दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून निघाले १९७९ साली. एकशे चोवीस वर्षे! महात्मा फुल्यांच्या विदूषकास जर एकशे चोवीस वर्षे दाराबाहेर उभे राहावे लागले, तर आमच्या खेड्यातल्या सोंगाड्यास घर नाही, यात नवल ते काय?

जोतीरावांची ती वाट पुढे मोडली नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साज घेतला आणि त्यात भटजी, सावकार, दारू, अडाणीपणा यांची टर उडविली. नगर जिल्ह्यातील खेड्यातून १९१० पासून 'दीनमित्र' चालविणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' लिहून ढोंगी शास्त्र्यांस हास्याच्या चव्हाट्यावर आणले. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ज्यास वाचता येत नाही, त्यास सभेतले भाषण कदाचित कळणार नाही. परंतु ज्या गोष्टीस तो एकदा मनापासून हसला, तिच्या पाया तो पुन्हा पडत नाही. हे या मंडळीने ओळखले होते.

आता पुढची बाजू सांगतो, आणि ती कडू आहे. आमचा सोंगाड्या वरच्यास हसत असे. नाटकसिनेमावाल्यांनी त्याच्यापासून हसविण्याची युक्ती घेतली आणि तोंड उलटे फिरविले. मग घरगडी आला की तो खेडवळ बोलणार, आणि लोकांनी त्याच्या बोलण्याला हसावयाचे! आमची अहिराणी, आमची लेवा बोली ही विनोदाची भाषा होती. ती विनोदाचा विषय होऊन बसली. खान्देशचा पोरगा पुण्यास शिकावयास गेला की पहिले सहा महिने तोंड मिटून बसतो, कारण तोंड उघडले की खोलीतले हसतात. गावातली हसणारी भाषा शहरात जाऊन मुकी होते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

आणि सोंगाड्याचे काय? दादू इंदुरीकरांस 'गाढवाचं लग्न'मुळे मोठे नाव मिळाले, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा मानही मिळाला; तो योग्यच होता. पण एकाच्या गळ्यात हार पडला म्हणून शंभरांच्या पोटात भाकर पडत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी योजनेत वृद्ध कलावंतास महिना पाच हजार रुपये मानधन ठरले आहे. योजना चांगली आहे. पण अर्जाबरोबर कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याची सारी कला वाऱ्यावर बोलण्यात गेली, जत्रेच्या धुरळ्यात गेली, त्याने पुरावा कोठून आणावा? गावातील हसून मेलेल्या माणसांची साक्ष काढावी काय? तेव्हा संग्रहालय हा हौसेचा प्रश्न नव्हे. नोंद नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून भाकर नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

एकदा आम्ही एका मोठ्या शहरातील लोककलेच्या सोहळ्यास गेलो होतो. एका म्हाताऱ्या सोंगाड्यास खेड्यातून मुद्दाम बोलाविले होते. तोंडास रंग लावून तो दुपारी चारपासून पडद्यामागे बसला. पुढे दीपप्रज्वलन झाले, स्वागत झाले, सात भाषणे झाली. रात्री साडेनवास त्यास सांगितले की, पाच मिनिटांत आटपा. तो पुढे आला, रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे पाहून म्हणाला, "मंडळी, हसविण्याचं काम आधीच्या सात जणांनी केलं आहे, मी नुसता नमस्कार करतो." उरलेले लोक खो खो हसले. त्याने शाल घेतली, नारळ घेतला आणि तो गेला. गाडीभाडे मात्र स्वतःच्या खिशातून भरून गेला, हे मागाहून कळले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सोंगाड्याचे घर बांधावयाचे तर अशा सोहळ्यांच्या वाटेने जाऊ नये. काचेच्या कपाटात त्याची टोपी आणि ढोलकी ठेवली, खाली पाटी लावली, मंत्र्याने फीत कापली, की ते संग्रहालय होत नाही. ते थडगे होते. जगातल्या शहाण्या लोकांनी काय केले ते पाहा. बल्गेरियात गाब्रोव्हो हे गाव आपल्या चिक्कूपणाच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध. दार उघडे राहून ऊब जाऊ नये म्हणून हे लोक मांजराचे शेपूट कापतात, अशी त्यांची थट्टा; आणि ती थट्टा ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांनी १ एप्रिल १९७२ रोजी कातड्याच्या जुन्या कारखान्यात विनोदाचे घर उघडले. दर मे महिन्यात सारे गाव सोंगे घेऊन रस्त्यावर उतरते. स्वित्झर्लंडात चार्ली चॅप्लिन राहत असे, त्या वाड्यात २०१६ साली संग्रहालय झाले. दुसऱ्या वर्षी त्याच्या वाढदिवशी, १६ एप्रिलला, ६६२ माणसे टोपी, काठी आणि मिशा लावून तेथे जमली. त्यांत पोरे होती, बाया होत्या, म्हातारे होते. त्या दिवशी ते संग्रहालय जिवंत झाले.

कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश. बरे तर, कच्छमधील आदिपूर पाहा. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांचे ते गाव. तेथील एका वैद्याच्या पुढाकाराने १९७३ साली चॅप्लिनवेड्यांची मंडळी जमली, आणि दर १६ एप्रिलला ती चॅप्लिनचे सोंग घेऊन मिरवणूक काढू लागली. संगमरवरी इमारतीवाचून जत्रा भरली. ज्यांनी सर्वस्व गमावले होते, त्यांस हसण्याचा मुहूर्त सापडला. यावरून धडा असा की, आधी मेळा, मग इमारत. आमच्याकडे आधी भूमिपूजनाची कोनशिला बसते आणि इमारतीची वाट पाहता पाहता तिच्यावरची अक्षरे पुसून जातात.

हसणे मेले आहे असेही कोणी समजू नये. खान्देशाच्या वेशीवरल्या मालेगावात हातमाग-यंत्रमागाच्या खडखडाटात राबणाऱ्या पोरांनी नासिर शेख यांच्याबरोबर २००० सालच्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. खिशात पैसा नाही, सायकलीवर कॅमेरा, आणि मोठ्यांच्या सिनेमाची टर उडविण्याची हिंमत. आज त्याच मुलुखातील छोटू दादाच्या खान्देशी करामती देशभर मोबाइलवर पाहतात. बी जिवंत आहे. वाफा करणारा पाहिजे.

तेव्हा धरणगावापुढे आमची सूचना अशी. येत्या आखाजीला एखाद्या शाळेच्या पटांगणात किंवा हंगाम संपून रिकाम्या पडलेल्या जिनाच्या आवारात पहिला मेळा भरवावा. पुढे महिन्यातून एक रात्र त्यासाठी राखावी. प्रत्येक रात्री एका वृद्ध कलावंतास बोलवावे. त्याचे गाडीभाडे आणि बिदागी तो रंग लावण्याआधी त्याच्या हातावर ठेवावी. गावातील कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलामुलींनी मोबाइलवर त्याची बतावणी टिपावी आणि नाव, गाव, फड, साल वहीत लिहावे. त्या नोंदीची एक प्रत कलावंतास द्यावी, म्हणजे मानधनाच्या अर्जास ती उपयोगी पडेल. वर्षाकाठी एक रात्र केवळ बायकांची असावी. तीत पुरुषांनी चहा करावा आणि ऐकावे. भाषणे नसावीत. पुढाऱ्याने यावयाचे असेल तर यावे, पण सतरंजीवर बसावे, आणि सोंगाड्याने त्याचे नाव घेतले तर हसावे. जमाखर्च फळ्यावर लिहावा. अशी तीन वर्षे गेली, आणि मेळा टिकला, तर वह्या आणि फिती ठेवावयास एक खोली आपोआप लागेल. तेच सोंगाड्याचे घर.

एक गोष्ट मात्र आम्हांस स्पष्ट सांगितली पाहिजे. जुने ते सारे सोने नव्हते. बतावणीत बाईच्या शरीरावर, कोणाच्या जातीवर, कोणाच्या व्यंगावर ओंगळ बोलणे चाले, हे आम्ही नाकारीत नाही. तमाशात राबणाऱ्या बायांस त्याची किंमत मोजावी लागली. ते बोलणे वहीत नोंदवावे, कारण खोटा इतिहास लिहिणे आपले काम नव्हे. परंतु मेळ्यात त्यास टाळी देऊ नये. यासाठी सरकारी कातरीची गरज नाही. जोतीरावांच्या विदूषकाने घालून दिलेला एकच नियम पुरे आहे: बलवानास हसावे, लुबाडणाऱ्यास हसावे, आणि स्वतःस हसावे. पडलेल्यास हसतो, त्यास आम्ही सोंगाड्या म्हणत नाही.

बंधुभगिनींनो, कापसाचा भाव पडला की आपण रडतो, पाऊस लांबला की रडतो. रडण्यासाठी आपणांस घर बांधावे लागत नाही. हसण्यासाठी एक अंगण तरी राखू या. पारावरल्या त्या वृद्धांची उमर ऐंशीच्या घरात आहे. त्यांस किती वग पाठ आहेत, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नाही. परवा आम्ही त्यांस विचारले, "बाबा, आखाजीला मेळा भरविला तर याल का?" ते म्हणाले, "येईन की. पण आखाजी लांब आहे, आणि मी तर इथंच आहे. आज रात्री काय करता?"

आम्ही त्याच रात्री वही घेऊन गेलो. तुम्ही आपापल्या गावी कधी जाणार?